कार्डाची जुनी थकबाकी आणि वसुलीवाल्यांचे फोन: आधी तारीख शोधा, मग रकमेचं बोला

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे हे वाचणाऱ्यालाही कळेल. गोव्यात कळंगुटच्या हॉटेलात नोकरी असताना घेतलेलं क्रेडिट कार्ड. ऑक्टोबर २०१९ पासून भरणा बंद, तेव्हाची थकबाकी साधारण ५८,०००. मग बराच काळ सगळं शांत. मार्च २०२४ मध्ये एका एजंटाने "निदान २,००० टाका, फाइल थांबवतो" म्हटलं आणि तुम्ही ते यूपीआयने टाकले. आता दुसरीच एजन्सी २,४१,००० मागते आहे. रोज फोन, साखळी गावातल्या बहिणीला फोन, हॉटेलच्या रिसेप्शनवर फोन. दोघेजण वाड्यावर येऊन शेजाऱ्यांना तुमच्या कर्जाचं सांगून गेले. शिवाय व्हॉट्सअॅपवर लोकअदालतीची नोटीस आणि "म्हापसा पोलीस स्टेशनात ४२० दाखल करतो" ही धमकी. तुमचा प्रश्न असा, की पैसे भरायचे, की तीन वर्षं उलटली म्हणून सोडून द्यायचं?

यात प्रश्न एक नाही. कोर्टात हे देणं अजून वसूल होऊ शकतं का, हा एक. पैसे नक्की कोणाला द्यायचे, हा दुसरा. आणि हा छळ कसा बंद करायचा, हा तिसरा. फोनवरचा माणूस या तिन्हींची मुद्दाम सरमिसळ करतो, कारण घाबरलेला माणूस तारीख विचारत नाही, रक्कम विचारतो. तुम्ही उलट करा.

सगळ्यात आधी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम आहे. निदान सिबिल आणि आणखी एक काढा. त्यात हे कार्ड शोधा आणि चार गोष्टी वहीत उतरवा: शेवटच्या भरण्याची तारीख, राइट-ऑफ केलेली एकूण रक्कम, त्यातलं मुद्दल आणि ही नोंद आज कोणाच्या नावाने आहे. मूळ बँकेच्या, की एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या म्हणजे एआरसीच्या? कोणाशी एक शब्दही न बोलता ही माहिती हाताशी येते, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो. राइट-ऑफ म्हणजे माफी, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. बँकेने आपल्या पुस्तकात तो तोटा धरला, एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क तिच्याकडे राहतोच आणि तो ती एआरसीला विकूही शकते.

आता तारखेकडे. तुमचं खरं दुखणं इथे आहे.

लिमिटेशन ॲक्ट, १९६३ प्रमाणे अशा पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. गोव्यात जुन्या लोकांकडून ऐकू येतं की आपल्याकडे पोर्तुगीज कायदा आहे, मुदत वीस-तीस वर्षांची असते. तो वाद एकेकाळी खराच होता. पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्याच एका बँक कर्जाच्या प्रकरणात तो निकाली काढला. इथेही १९६३ चाच कायदा लागतो. त्यामुळे एजंटाने किंवा शेजारच्या जाणत्याने पोर्तुगीज कोडचं नाव काढलं तर मनावर घेऊ नका.

मग ऑक्टोबर २०१९ अधिक तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुदत संपली? नाही. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळायचा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. ही जवळपास दोन वर्षं इंटरनेटवरचे सल्ले हमखास विसरतात. ती धरली तर तुमची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ च्या आसपास संपायला हवी होती.

आणि तुम्ही मार्च २०२४ मध्ये, मुदत जिवंत असताना, २,००० टाकलेत. कलम १९ सांगतं की मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्या भरण्याची भरणाऱ्याच्या हातची किंवा सहीची लेखी नोंद असली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. बँक म्हणणार, मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. यूपीआयचा भरणा या कलमात नेमका बसतो का, यावर वकील भांडू शकतो. पण "तीन वर्षं झाली, विसरून जा" हे तुमच्या बाबतीत छातीठोकपणे सांगणारा माणूस तुमचे कागद न बघता बोलतोय. ते २,००० कुठे गेले हेही बघा. यूपीआयच्या इतिहासात पैसे घेणाऱ्याचं नाव बँकेचं आहे, की कुणा व्यक्तीचं? एजंटाच्या खाजगी आयडीवर गेले असतील आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्यांची जमाच नसेल, तर त्या भरण्याच्या जोरावर मुदत वाढली असं म्हणणं बँकेला अवघड जाईल. शिवाय एजंटाविरुद्धच्या तक्रारीला तो भक्कम पुरावा होतो. तो स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा, फोन बदलला की हा इतिहास सापडत नाही.

याच कारणासाठी इथून पुढे तीन गोष्टी टाळा. "पुढच्या महिन्यात देतो" असं व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहू नका. मुदतीच्या आत दिलेली लेखी, सहीची कबुली कलम १८ प्रमाणे घड्याळ पुन्हा शून्यावर आणते, आणि ईमेलसुद्धा कबुली म्हणून पुढे केला जातो. शांत करायला म्हणून ५०० रुपये टाकू नका. आणि मुदत संपल्यावरही "मी हे देणं फेडीन" असा सही केलेला कागद देऊ नका. मुदत संपल्यावर नुसता भरणा केल्याने ती पुन्हा जिवंत होत नाही, पण सहीचं लेखी वचन मात्र कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २५(३) खाली नवा करार ठरतं. एजंट ज्याला पीटीपी म्हणतात, म्हणजे फोनवर तुमच्या तोंडून अमुक तारखेला भरीन असं वदवून घेणं, ते रेकॉर्ड होत असतं. तारीख पाळली नाही की दुसऱ्या दिवसापासून फोन दुप्पट. तारीख देऊच नका.

मग बोलायचं काय? फोनवर एकच वाक्य: "अधिकारपत्र आणि हिशेब ईमेलवर पाठवा, उत्तर लेखी देईन." हिंदीत, मराठीत, जमेल त्या भाषेत, पण तेवढंच. आणि तुम्ही स्वतः बँकेच्या प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत एजन्सीला आणि एआरसी असेल तर तिलाही. छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवा. मजकूर साधारण असा:

"माझ्या नावे असल्याचं सांगितल्या जाणाऱ्या क्रेडिट कार्ड खात्याबद्दल (शेवटचे चार अंक ....) आपल्या प्रतिनिधींचे फोन येत आहेत. कृपया पुढील गोष्टी लेखी पाठवाव्यात: खातं दुसऱ्या कंपनीकडे वर्ग झालं असल्यास त्याची तारीख आणि नोटीस, भरणा थांबला त्या महिन्यापासूनची सर्व स्टेटमेंट्स, मुद्दल, व्याज, लेट फी आणि जीएसटी यांची वेगवेगळी फोड, वसुली एजन्सीचं नाव आणि तिला दिलेलं अधिकारपत्र. यापुढे माझ्याशी या ईमेलवर किंवा पोस्टाने संपर्क साधावा. माझे नातेवाईक, शेजारी आणि नोकरीचं ठिकाण यांच्याशी संपर्क करू नये. हे पत्र म्हणजे कोणत्याही रकमेची कबुली किंवा ती भरण्याचं आश्वासन नव्हे."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्याविना हेच पत्र तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

फोड कशाला मागायची, ते आकड्यांवरून कळेल. कार्डाचं व्याज महिना ३.५ टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. चक्रवाढीने ५८,००० चे वर्षात ९४,००० च्या वर जातात आणि तीन वर्षांत अडीच लाखांच्या घरात. म्हणजे २,४१,००० हा आकडा हवेतून आलेला नाही, पण त्यात तुम्ही प्रत्यक्ष खर्चलेले पैसे थोडे आणि व्याज जास्त. व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा आहे असं कोणी सांगितलं तर तो २००८ चा ग्राहक आयोगाचा निकाल होता. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. त्याच्या भरवशावर वाद घालू नका. वाद घालायचा तो मुद्दलावर.

आता धमक्या. कार्डाचं बिल न भरणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी देणं आहे. फसवणुकीला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू असावा लागतो. तुम्ही दोन वर्षं नियमित बिल भरलंत, मग नोकरीचे हाल झाले. यात फसवणूक बसत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात फसवणुकीचं कलम ३१८ आहे. त्याआधीच्या घटनांना जुनं ४२० लागू शकतं, पण कलम कोणतंही असो, तो हेतू नसेल तर ते बसत नाही. एक अपवाद मात्र खरा: चेक. सेटलमेंटसाठी पुढच्या तारखांचे चेक दिलेत आणि एखादा वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप कापून घेण्याचं मॅन्डेट परत गेलं तरी तसाच कायदा आहे. दिवाणी देण्याला आपल्या हाताने फौजदारी करून घेऊ नका. चेक द्यायचा नाही, मॅन्डेटवर सही करायची नाही.

लोकअदालतीची नोटीस खरी असू शकते. बँका दावा लावण्याआधी अशी प्रकरणं लोकअदालतीत ठेवतात. उत्तर गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नोटिशीवरचा क्रमांक सांगून विचारा. खरी असली तरी दावा लागण्याआधीच्या टप्प्यावर तिथे तडजोड करणं पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे, नाही गेलात म्हणून अटक-वॉरंट निघत नाही. पण गेलात आणि सही केलीत, तर तो निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखा, म्हणजे दाव्यातल्या निकालाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून रक्कम पटली असेल तरच सही.

खरं समन्स मात्र वेगळं. ते कोर्टाचं असतं, त्यावर शिक्का आणि दावा क्रमांक असतो, आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला किंवा नावाने शोधलं की ते दिसतं. तसं दिसलं तर एक दिवसही घालवू नका. बँका बहुधा समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा लावतात, त्यात हजर राहायला समन्स मिळाल्यापासून दहा दिवस असतात. गेलं नाही की एकतर्फी निकाल, आणि मग मुदतीचा मुद्दा मांडायचा राहून जातो. डिक्री झाली की ती बजावायला त्यांना बारा वर्षं मिळतात. मुंबई-चेन्नईच्या कुणा लवादाची ईमेल आली तरी दुर्लक्ष करू नका. बँकेने एकटीने नेमलेला लवाद चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. पण तो आक्षेप लेखी आणि वेळेत घ्यावा लागतो, घरी बसून घेता येत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मोफत मिळते.

छळाबद्दल. आरबीआयने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत, सतत फोनचा मारा नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, कुटुंबीय आणि मित्रांच्या खाजगीपणात घुसखोरी नाही. वाड्यावर शेजाऱ्यांना सांगणं आणि बहिणीला फोन करणं, दोन्ही यात सरळ बसतं. एजंटाच्या चुकीची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेची, हेही त्यातच आहे.

तक्रार टिकायची तर नोंद हवी. एक वही करा: तारीख, वेळ, नंबर, माणसाने सांगितलेलं नाव, काय म्हणाला. बहिणीला तिच्या फोनच्या कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढायला सांगा. रिसेप्शनवर ज्याने फोन घेतला त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. घरी कोणी आलं तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, फोटो काढा, आत घेऊ नका. घरात येण्याचा किंवा टीव्ही-स्कूटर उचलण्याचा त्यांना काडीचा अधिकार नाही, कार्डामागे काही तारण नसतं. अडून बसले तर ११२. शिवीगाळ, धमकी झाली तर पोलीस स्टेशनात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

हे सगळं जोडून बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मदतीचा नंबर १४४४८. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते: ही तक्रार वकिलामार्फत करता येत नाही, स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीने करावी लागते. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट इथे गेलात तर ती परत येते. म्हणून बँकेच्या तक्रारीचा क्रमांक जपा. तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण एजंटाकडे देऊ नये, असंही आरबीआयने बँकांना सांगितलेलं आहे. फोन थांबवायला हे वाक्य तक्रारीत जरूर लिहा.

भरायचं की नाही? माझं मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात मुदतीचा वाद दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, आणि अशा वेळी तडजोड दोघांच्याही फायद्याची असते. सुरुवात २,४१,००० मधून किती सूट, अशी करू नका. सुरुवात राइट-ऑफच्या मुद्दलापासून करा आणि त्याच्या खालचा आकडा सांगा. हप्त्यांपेक्षा एकरकमी देणाऱ्याचं ऐकलं जातं, म्हणून आधी पैसे जमवा, मग बोला. मार्चअखेरीस त्यांनाही आकडे दाखवायचे असतात.

पैसे हलण्याआधी सेटलमेंटचं पत्र हवं. बँकेच्या किंवा एआरसीच्या लेटरहेडवर, त्यांच्याच डोमेनच्या ईमेलवरून, कार्डाचे शेवटचे अंक, रक्कम, तारीख आणि "फुल अँड फायनल" हे शब्द. ते पत्र बँकेच्या वेबसाइटवर दिलेल्या नंबरला फोन करून किंवा म्हापशाच्या शाखेत दाखवून खरं करून घ्या, पत्रावरच्या नंबरला फोन करून नव्हे. भरणा पत्रात लिहिलेल्या खात्यातच, एनईएफटीने. क्यूआर कोड नाही, रोख नाही, "साहेबांचा जीपे" नाही. पत्रातली हप्त्यांची अट वाचा: एक हप्ता चुकला की बहुतेक वेळा सगळी सूट रद्द होते.

सेटल केल्यावर रिपोर्टात "सेटल्ड" (कमी रकमेवर मिटवलं) शेरा येतो, "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) नव्हे. घराचं कर्ज घ्यायचं मनात असेल तर हा फरक आधी विचारात घ्या. तेव्हा थोडे जास्त देऊन "क्लोज्ड" लिहून मिळतं का, ते पत्रातच ठरवून घ्या. सात वर्षांनी नोंद आपोआप जाते, या भरवशावर राहू नका. सात वर्षं ही नोंद ठेवण्याची किमान मुदत आहे. भरणा झाल्यावर नो ड्यूज पत्र घ्या. रिपोर्ट सुधारला नाही तर क्रेडिट कंपनीकडे डिस्प्यूट टाका. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

राहिला तुमच्या पगाराचा आणि घराचा प्रश्न. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर आजच दुसरीकडे हलवा. डिक्री नसतानाही बँक स्वतःकडच्या तुमच्या खात्यातून वळते करून घेण्याचा प्रयत्न करू शकते, आणि मुदत संपल्याने तो हक्क आपोआप संपत नाही. एरवी पगाराला हात लावायला कोर्टाची डिक्री लागते, आणि तेव्हाही पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात. पगार २५,००० असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ८,००० जप्त होतात. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीला हात लागत नाही.

घराचं गोव्यात थोडं वेगळं आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता इथे सहसा समाईक असते. त्यामुळे एकट्याच्या कार्डाची डिक्री समाईक घरावर कितपत पोचते, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या वकिलाचं आणि इथल्या वकिलाचं एकच असेल असं नाही. समन्स आलंच तर म्हापशाच्या कोर्टात काम करणाऱ्या, इन्व्हेंटरी (गोव्यातल्या वारसा-वाटणीची) प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाकडे जा, आणि जाताना लग्नाचा दाखला आणि घराचे कागद बरोबर न्या. समन्स आलेलं नसताना मात्र "तुझ्या बायकोचा हिस्सा जप्त करतो" म्हणणाऱ्याला ईमेलचा पत्ता द्या आणि फोन ठेवा.